एर्मेलिंदाचा मासा सुटला

चिंबोटे बंदराच्या धक्क्याजवळ एर्मेलिंदाची सेविचेची टपरी होती. कच्च्या माशावर लिंबू पिळून वर कांदा-मिरची टाकली, की गिऱ्हाईक बोटं चाटत उठायचं. गाव मासळीच्या पिठाच्या कारखान्यांचं. त्यांचं रक्ताळ, तेलकट पाणी वर्षानुवर्षं बंदरात जिरलेलं.

मग बंदराचा तळ उपसायचं काम निघालं. तिचा नवरा फाउस्तो पाणबुड्या. गाळ ओढणारी नळी तुंबली की खाली उतरून हातानं मोकळी करायची, हे त्याचं काम. संध्याकाळी ती त्याला अंगणातच अडवायची.

"आधी अंग घास, मग दाराला हात लाव."

"घासून आलोय गं."

"मग परत घास."

एकदा तो डबा विसरला, म्हणून ती गाळ उपसणाऱ्या तराफ्यावर गेली. नळी जाळीवर भडाभडा ओकत होती. लोण्यासारखा मऊ, काळाकुट्ट गाळ. त्यात खवले, केसांच्या गुंतवळासारखे पांढरे तंतू, गावच्या गटारातलं नको ते सगळं. सडक्या अंड्यांचा वास नाकातून थेट घशात उतरला. तेवढ्यात फाउस्तो वर आला, मुखवटा काढून ओठावरचं काळं थुंकला. एर्मेलिंदानं कठडा धरला आणि ती भडभडून ओकली.

"होऊ दे," मुकादम म्हणाला. "तेही आम्हीच उपसायचंय."

तिचा मासा लांबून, कास्माच्या समुद्रातून यायचा. तरी सुरीखालचा बुळबुळीतपणा तिला त्या गाळाचाच वाटू लागला. चव घेववेना, त्यामुळे मीठ चुकायला लागलं. शेवटी तिनं चुलीवर बदकाचा रस्सा चढवला.

"मावशी, सेविचेच्या टपरीत बदक? कोण गेलं, मासा सोडलास तो?" एकानं टोमणा मारला.

"जेवायचं तर जेव, नाहीतर ऊठ."

पुढे काम अर्ध्यावर थांबलं. उपसलेला गाळ टाकायचा किनाऱ्यावरचा खड्डा भरला आणि दुसरी जागा द्यायला कोणी तयार होईना. खड्ड्यावर साय धरली, ती तडकली, माश्या घोंघावू लागल्या. वारा फिरला की टपरीत बसवत नसे.

रिकामा बसलेला फाउस्तो एका रविवारी ताजा मासा घेऊन आला. स्वतः चिरला, लिंबू पिळलं.

"एक घास खा. माझ्यासाठी."

तिनं तोंडात घातला. मासा गोड होता, हे तिला कळलं. पण गिळवेना. तिनं घास हातावर काढला आणि मांजरापुढे टाकला.

फाउस्तोनं ताट पुढ्यात ओढलं. त्याचं जेवण होईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.