नव्या तांदळाची खीर

निवृत्तीनंतर माणसं गुडघे सांभाळतात, नातवंडं सांभाळतात. आमच्या ह्यांनी नगरकडचं घर भाड्यानं दिलं आणि सेवेसाठी पसंत केलं ते अर्जुनी मोरगावच्या पलीकडचं, जंगलाला लागलेलं एक गाव. हे पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, मी निवृत्त नर्स. तिथली मंडळी, म्हणजे रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जमणारी मूठभर गोंड माणसं, आम्हाला परदेशातलीच वाटायची. ह्यांचं नगरी मराठी त्यांना अर्धंमुर्धं कळायचं, त्यांची गोंडी आम्हाला मुळीच कळायची नाही. तरी ह्यांचा उपदेश तासभर चालायचा. मी मागून खोकून खुणावायचे, पण हे कसले ऐकतात.

सकाळी हे इस्त्रीचा सदरा घालून दारोदार फिरायला निघायचे आणि मी ओट्यावर जखमा बांधत बसायचे. पायावर बसलेली कुऱ्हाड, दारूच्या भांडणात फुटलेलं डोकं, रानडुकरानं फाडलेली मांडी. रक्ताचं मला काही नव्हतं. तिन्ही त्रिकाळ भात खाऊन मात्र जीव नकोसा व्हायचा. नगरहून आणलेलं ज्वारीचं पीठ मी जपून जपून वापरायचे.

मदतीला एक विधवा बाई यायची. मंडळीत सगळ्यांत आधी आलेली तीच. नवऱ्यामागं तिच्याकडे घर होतं आणि तळ्याच्या पाण्याखालच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, बस्स. तिचा दीर त्या बांध्यांवर टपून होता. तिचं काही चुकलं की तो चावडीवर जाऊन ओरडायचा. तिला समाजातून काढलं की जमीन आपसूक आपल्याकडे, हा त्याचा साधा हिशेब होता.

आमच्याकडे नगरला दरवर्षी कापणीचा सण असतो. पहिलं पीक आधी देवापुढे आणायचं, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. ह्यांनी तोच सण इथं जाहीर केला. बाईचं हलकं धान सगळ्यांच्या आधी कापणीला आलं होतं. कांडलेले नवे तांदूळ पदराखाली धरून ती दारात घुटमळली.

"अजून गावानं नवा नाई खाल्ला जी," ती म्हणाली.

"देवाचा वाटा सगळ्यात आधी," हे म्हणाले, आणि तांदूळ घेऊन माझ्याकडे दिले. 'नवा खाणं' म्हणजे काय, हे ना त्यांना ठाऊक होतं ना मला. मी मोठ्या पातेल्यात खीर केली आणि बाईसकट सगळ्यांना वाढली. चांगली झाली होती.

त्या मुलखात नवं धान आधी देवांना चढतं, मग सगळं गाव एकाच दिवशी ते खातं. त्याआधी कुणी तोंडाला लावलं तर वाईट होतं ते साऱ्या गावाचं. खिरीच्या दुसऱ्याच दिवशी कुणाचा तरी बैल साप चावून मेला आणि दिराला आयतंच निमित्त मिळालं.

पुढच्या रविवारी उपासना चालू असताना शेडवर दगड आला. मग दगडांचा नुसता मारा. पत्रे वाकले, बाक मोडले. दिरानं बाईचा अंबाडा धरला आणि चिखलातून तिला फरफटत रस्त्यावर नेलं. "देवाच्या आंधी खातेस?" म्हणत तो तिच्या तोंडावर मारत सुटला. आमचे हे मध्ये पडले. कुणीतरी उपसलेली बैलगाडीची उभारी, ते बाजूचं दांडकं, त्यांच्या उजव्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी आयुष्यभर ओळखत आले आहे. मी हातातला पितळी तांब्या उभारी मारणाऱ्याच्या कपाळावर घातला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. संध्याकाळी त्याचं कपाळ शिवायला तो माझ्याकडेच आला. मी शिवलं, पण बधिर करण्याची घाई केली नाही.

ह्यांचा हात प्लॅस्टरमध्ये बांधून आणला त्यानंतर गावची बैठक बसली. भुमक, म्हणजे गावचा पुजारी, आमच्या दाराशी आला. म्हातारा शांत होता.

"खीर तुमच्या चुलीवर शिजली," तो म्हणाला. "उद्या गाव नवा खाईन. तुमच्या घरचं कोनी येऊन देवापुढचा नवा आमच्या हातून खाल्ला, तं बाई गावात राहीन. नाई तं तिनं उद्याच निंगावं. घर अन् बांध्या दीर पाहीन."

"मूर्तीपुढचं अन्न मी खाणार नाही," हे म्हणाले. "जीव गेला तरी."

"अहो, तुमचा जीव कोण मागतंय? घर तिचं चाललंय."

"प्रभू तिला सांभाळील."

मला इतका संताप आला की हातातली परात आपटली. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा हे धड असलेला डावा हात आडवा धरून दारात उभे राहिले. मी तो झिडकारला. त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. लग्न झाल्यापासून पहिलीच. डाव्या हाताची होती, नीट बसली नाही, पण माझा ओठ फुटला आणि अंगणात वाट पाहणाऱ्या बाईनं ते सगळं पाहिलं.

देवांची जागा गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली होती. भुमकानं पळसाच्या पानावर मूठभर नवा भात दिला. त्याला माझ्याच रक्ताची चव लागली. दीर समोर उभा होता. त्याच्या डोळ्यांत बघत मी शेवटचं शीत चावून गिळलं. मग बाईनं खाल्लं. आमच्या मंडळीतली सगळीच माणसं तिथं होती आणि सगळ्यांनी खाल्लं. ती गावचीच माणसं, जन्मभर खात आली होती. ह्यांनी कधी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बाई आपल्या घरी परतली. दीर निघून गेला.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी मिळून एकाच भाकरीचे तुकडे खायचे. फाटक्या पत्र्यांखाली आम्ही खाली बसलो. हे डाव्या हातातलं भाकरीचं ताट एकेकापुढे धरत आले. बाईनं तुकडा उचलला. तिच्या शेजारी मी होते. मी हात पुढे केला आणि हे पुढे गेले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"नर्सबाईले काऊन नाई देल्लं जी?" तिनं विचारलं. तिचं तोंड अजून सुजलेलं होतं.

"त्यांनी मूर्तीपुढचं खाल्लं आहे."

"ते तं आमी बी खाल्लं."

तिनं हातातला तुकडा ताटात परत ठेवला. तिच्या पलीकडच्या म्हातारीनंही ठेवला. मग ज्यांना मिळाला होता त्या सगळ्यांनी ठेवला, आणि ज्यांना मिळायचा होता त्यांनी हात मांडीवर ओढून घेतले. ताट ह्यांनी एका हातावर तोललं होतं. मला त्यांची कीव येत होती, पण राग जास्त होता. मी उठून ताट धरायला गेले नाही.

मग ताट जमिनीवर ठेवून त्यांनी एक तुकडा उचलला आणि आम्हा सगळ्यांदेखत एकट्यानं खाल्ला.