घोड्याच्या घरातलं प्यादं

जयवंत परबाच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: बुद्धिबळ न येणारी आणि येतं असं समजणारी. दुसऱ्यांचा त्याला जास्त राग. डिलाईल रोडवरच्या चाळीच्या गॅलरीत तो आपले जुने विजय सांगायला बसला, की हरलेल्यांची पार सालटी काढी. भायखळ्याचा तो भाजीचा दलाल? "चालीआधी मानेवरून हात फिरवायचा, मेला. तिथंच कळायचं, टरकलाय." शिवडीच्या गोदामातला तो हेडक्लार्क? "पुस्तकं वाचून आलेला. आठव्या चालीला पुस्तक संपलं, अक्कलही संपली."

पण सगळ्यांत मोठा विजय माधव केळकरवरचा. एकोणनव्वद साली दादरला, गिरण्या आणि कचेऱ्यांच्या स्पर्धेत. माधव बँकेतला, कडक इस्त्रीचा. खेळाआधी शेजाऱ्याला म्हणालेला, "गिरणीत साच्यावरचा कामगार आहे, अर्ध्या तासात मोकळे होऊ." जयवंतने ते ऐकलं होतं. तीन तासांनी जयवंतचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. त्याचा वजीर केला असता, तर पुढच्याच चालीला माधव मात देणार होता. जयवंतने ठेवला घोडा! राजाला शह, आणि माधवचा वजीरही टप्प्यात. माधवने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी पेपरात पटाच्या चित्रासकट आलं: गिरणी कामगाराची अलौकिक चाल.

अलौकिक कसली, डोंबल! चाळीत सगळे देशी बुद्धिबळ खेळायचे. त्यात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं होतं. हे घोड्याच्या घरात पोचलं, म्हणून जयवंतने बापाने शिकवल्याप्रमाणे घोडा ठेवला. स्पर्धेच्या नियमात हवं ते मोहरं घेता येतं, हे घाईत त्याच्या डोक्यातूनच गेलं होतं. लक्षात आलं ते टाळ्या पडल्यावर. तेव्हा जो गप्प बसला तो आजवर.

यंदा दादरच्या एका क्लबने मुलांच्या स्पर्धेला त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. माधवही येणार हे कळलं आणि जयवंतने ठरवलं, माइकवर खरं सांगून टाकायचं. स्वतःचा पस्तीस वर्षांचा मान गेला तर गेला, पण "हरलो, पण कसल्या चालीला हरलो!" असं दादरभर मिरवणाऱ्या त्या शिष्टाची जिरली पाहिजे.

बायको म्हणाली, "आपला नाक कापून दुसऱ्याक अपशकुन कित्याक?"

तो ऐकतोय कसला! सभेत त्याने सगळं सांगितलं, देशी नियमासकट. हॉल खो-खो हसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लबचा सेक्रेटरी पुष्कर माइक ओढून म्हणाला, "बघा मुलांनो, याला म्हणतात विनय!"

गाढवं सगळी, जयवंत मनात म्हणाला. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या माधवने.

नंतर माधव चहाच्या टेबलापाशी आला. एक कप उचलला.

"परब, ते खरं होतं?"

"खोटं कशाला बोलू? सवयीने ठेवला घोडा. तुम्हीच उगाच मिरवत बसलात."

"मिरवत होतो, कारण दुसरं काही उरलंच नव्हतं." माधव खाली बघत म्हणाला. "त्या दिवसानंतर मी पटाला हात लावला नाही. राज्य स्पर्धेसाठी निवड झाली होती माझी. गेलो नाही. म्हटलं, असं काही आपल्याला सात जन्मात सुचायचं नाही, हे आपलं काम नव्हे."

जयवंतने घरून एक झणझणीत वाक्य तयार करून आणलं होतं. ते त्याने चहाबरोबर गिळलं.

"त्याच संध्याकाळी सांगितलं असतंत तर..." माधवने कप ठेवला आणि दाराकडे निघाला.

जयवंतला त्याला हाक मारायची होती. पण हाक मारून पुढे बोलायचं काय, ते त्याला सुचेना.