रगतवाली चंद्राबाई आणि आमचं चित्रपट मंडळ

चित्रपट मंडळ काढलं की सिनेमे साठत नाहीत, किस्से साठतात. आमच्या मंडळानं वर्षभरात एकच सिनेमा दाखवला, तोही अर्धा! किस्से मात्र इतके, की मैत्रिणी घरी आल्या की कपातला चहा गार होऊन जातो. त्या हसतात, मीही हसवते. त्या गेल्यावर मात्र कप विसळताना हात जड होतात.

कलकत्त्याला काकांकडे राहून मी बी.ए. केलं. तिथल्या एका फिल्म सोसायटीत दर रविवारी जुने मूकपट बघायचे. पेटीतून उठून बसणारे रक्तपिपासू सरदार, आणि डोळ्यांभोवती काजळाची वर्तुळं काढलेल्या, एका नजरेत भल्या संसारी माणसाला धुळीला मिळवणाऱ्या त्या बायका! तेही एक शब्द न बोलता! मी ठरवलंच होतं, हे सगळं घेऊन आपल्या गावी जायचं. निजाम गेला होता, मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. माणसं नव्या गोष्टींसाठी आसुसलेली असतील. हॉल गच्च भरेल. सिनेमा सुटल्यावर लोक हॉटेलात बसून त्या बाईच्या नजरेवरून भांडतील.

उस्मानाबादेत मुलींच्या शाळेत नोकरी धरली आणि मंडळाची पहिली सभा बोलावली. सात माणसं आली. त्यातली तीन आमच्या घरची. एक बाई शाळेच्या नळावर पाणी भरायला आली होती, ती घागर ठेवून जरा टेकली होती.

*

त्या सभेत मी तासभर बोलले. ही पिशाचं म्हणजे काय, त्यांना दिवसाउजेडी बाहेर का पडता येत नाही, त्यांच्या तहानेचा अर्थ काय. घशाला कोरड पडली, पण थांबले नाही.

"कुणाला काही विचारायचंय?"

घागरवाल्या बाईनं हात वर केला. "बाई, ती रगत पिती म्हंता. तर तिला सासरी जेवाया घालत नव्हते का?"

सगळे हसले. मी समजावलं, की ही साधी भूक नव्हे, ही प्रतीकात्मक भूक आहे.

"व्हय व्हय. भूक हाय म्हंता, म्हनून तर इचारलं!" असं म्हणून ती घागर उचलून गेली.

तिचा प्रश्न मी तेव्हा वहीत 'अडाणीपणाचे नमुने' या मथळ्याखाली लिहून ठेवला. ती वही मी नंतर फाडली.

*

आमचे चित्रकलेचे शिंदे मास्तर म्हणजे मंडळाचे चिटणीस. दुसऱ्या सभेसाठी मी त्यांना फळ्यावर मूकपटातली मोहिनी काढायला सांगितली. मास्तरांनी जीव ओतला. मोकळे केस, उघडा खांदा, अर्धे मिटलेले डोळे. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"शिंदे, ही मुलींची शाळा आहे. खांदा झाका."

मास्तरांनी पदर काढला.

"केस बांधा."

अंबाडा घातला.

"कपाळ मोकळं का?"

ठसठशीत कुंकू आलं. डोळेही पुरते उघडले. शेवटी नाकावर चष्मा तेवढा काढायचा राहिला होता, नाहीतर फळ्यावर हुबेहूब मोठ्या बाईच उभ्या होत्या! मोठ्या बाईंनी फळा वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"आता कशी बरी दिसते!" म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी मोहिनी या विषयावर मला एक वाक्य बोलता आलं नाही.

*

मंडळाचे तिसरे खांब करीमचाचा. मूकपटांच्या काळात ते तंबूवाल्याबरोबर गावोगाव हिंडत. सिनेमा मुका, म्हणून पडद्याशेजारी छडी घेऊन उभं राहायचं आणि गोष्ट बोलून दाखवायची, हे त्यांचं काम. त्याला ते 'बयान' म्हणत. तंबूवाल्यानं बोलपट आल्यावर धंदा मोडला, तेव्हा हातानं फिरवायचं यंत्र आणि एका रक्तपिपासू बाईच्या सिनेमाची रिळं चाचांच्या घरी पडून राहिली.

तंबूत पडदा मधोमध. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. पडद्यावर पाणी मारलं की चित्र आरपार दिसायचं, फक्त बायकांना सगळं उलटं. तामलवाडीच्या मुक्कामात एक नवराबायको भांडत भांडत तंबूवर आले. नवरा म्हणे, ती बया मानेला डावीकडं चावली. बायको म्हणे, उजवीकडं. रात्रीपासून घरात चूल पेटली नव्हती!

चाचांनी दोघांना बसवलं. "दोनो सच्चे. पहले इधर काटी, फिर उधर काटी."

संध्याकाळी दोघंही परत तिकीट काढून हजर. कितीदा चावते ते मोजायला!

*

हा किस्सा सांगताना चाचा खदखदून हसायचे आणि मग एकदम विषय बदलायचे. का, ते मला पुढं कळलं.

चावणारी ती बया मुळात तेर गावची. चंद्राबाई. लहानपणी आईबरोबर मुंबईला गेली आणि तिथं मूकपटात रक्तपिपासू बाईची कामं करू लागली. तंबू तेरच्या जत्रेत लागला, तेव्हा चाचांना राहवलं नाही. ऐन चाव्याच्या वेळी त्यांनी छडी पडद्यावर मारली आणि ओरडले, "देखो देखो! ही दुसरी तिसरी कुणी नाही. ये अपने तेर की चंद्रा है!"

"मैं तो इज्जत देरा था, बेटी," ते मला म्हणाले. "मैं बोला, गाववाले खुश होंगे."

गाव खुश झालं नाही. बोलपट आल्यावर काम सुटून चंद्राबाई तेरला परत आली, तर ती पाण्याला गेली की आडावरच्या बायका घागरी उचलून घरी. बाळंतिणीच्या दारावरनं तिनं जायचं नाही. तिचं नाव पडलं रगतवाली.

त्या आडावर चाचा एकदा माफी मागायला गेले होते. चंद्राबाई म्हणाली, "येवढ्यावरच ऱ्हावू द्या करीमभाई. आनखी बयान नगं."

*

मी तेरला गेले, तेव्हा चंद्राबाई अंगणात तुरी निवडत बसली होती. साठीची, बारीक, पांढरं लुगडं. माझ्या मनातली सगळी काजळाची वर्तुळं पुसून गेली.

"दात कशाचे होते हो?" मी विचारलं.

"मुळ्याचे! कातरून बशिवलेले. दुपारपातूर वास मारायचा. त्यो हिरो म्हनायचा, चंद्राबाई, जरा लांबनंच चावा!"

"आणि रक्त?"

"काकवी. फोटूत काळंच दिसतं की सगळं. एकदा त्याच्या मानंला मुंग्या लागल्या. गडी असा तडफडला म्हंता! आन् पेपरात छापून आलं, काय सुंदर मेला म्हनून!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिनं सूप बाजूला ठेवलं. तिची नात सुमन आमच्याच शाळेत मॅट्रिकला. आईबाप नाहीत. भूमजवळच्या ईट गावच्या एका शाळामास्तरचं स्थळ आलं होतं. मुलाला मामीनं वाढवलेलं, ती म्हणेल ते. मामीच्या कानावर रगतवालीची कुणकुण गेली होती. तिनं निरोप धाडला होता, "काय सिनेमा हाय त्यो आमच्या डोळ्यानं बघू, मंग बोलू."

"दाखवूया!" मी उसळून म्हणाले. "लोकांना कळू दे तुम्ही केवढ्या मोठ्या नटी आहात. कला एकदा डोळ्यांनी पाहिली की भीती जाते."

चंद्राबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "मला कला नगं, बाई. पोरीचं लगीन पायजे. करीमभाईला इचारा. त्यांनी इस्कटलं, त्यांनीच आवरावं."

चाचांना विचारलं. तिसऱ्या दिवशी ते घरी आले. "दिखाएंगे. बयान मैं करूंगा. तू फक्त गप बसायचं, बेटी."

मी हो म्हणाले.

*

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलात खेळ ठेवला. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. या वेळी हॉल खरंच गच्च भरला. तेरचे लोक बैलगाड्या करून आले होते. पुढच्या सतरंजीवर मामी आणि तिच्या शेजारी चंद्राबाई, मध्ये हातभर अंतर. दाराशी सुमन पानसुपारीचं तबक घेऊन उभी. शिंदे मास्तर यंत्र फिरवत होते. सिनेमातल्या पाट्या इंग्रजी आणि गुजराती. त्या वाचू शकणारे हॉलात चारपाच जण, तेही मागं माझ्या बाजूला.

पडद्यावर बाग आली. झाडाखाली तरुण झोपलेला. पांढऱ्या वस्त्रातली, मोकळ्या केसांची चंद्राबाई झाडाआडून निघाली. कलकत्त्यात पाहिलेली एकही बाई तिच्या पासंगाला पुरली नसती! ती चालत नव्हती, सावलीसारखी सरकत होती. ती त्याच्या मानेवर वाकली.

चाचांची छडी पडद्यावर आपटली. "भाइयो, देखो! झाडावरनं काळा नाग उतरला! अंधेरे में था, तुमकू दिखा नहीं. डसला! मानेला डसला!"

हॉलमधून "अगं बया!" असा एकच आवाज उठला.

"अब ये बाई क्या करे? वैद नाही, दवा नाही. पराया मर्द! हात लावला तर दुनिया नावं ठेवणार. पण जान जाती है, जान! लाज सोडली तिनं. तोंड लावलं. जहर चोखून काढतेय, देखो!"

पडद्यावर चंद्राबाईनं मान वर केली. ओठ काळेभोर.

"देखो, होठ काळे पडले! ये औरत मरेगी, पर उसकू जिंदा रखेगी!"

बायका मुसमुसू लागल्या. तेरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आन् आमी हिला आडावर येऊ दिलं न्हाई गं!" मामीनं पदर डोळ्यांना लावला, मधलं हातभर अंतर सरकून चंद्राबाईचा हात धरला. "परक्यासाठी येवढं केलंसा, माय!"

दाराशी सुमन हसत होती. तबक हलत होतं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईची सगळी कला पुसली जात होती. ती नजर, ती तहान, सगळं एका नसलेल्या सापाच्या नावावर! मी उठून उभी राहिले.

"थांबा! हे खोटं आहे! साप नाहीच तिथं. ती रक्तच पितेय. पाटीवर लिहिलंय, 'माझी तहान अजून भागली नाही.' ती पिशाच आहे, आणि असं पिशाच आपल्या देशात दुसऱ्या कुणी उभं केलेलं नाही! तिची कला सापाच्या आड लपवू नका!"

मी टाळ्यांची वाट बघत होते.

शिंदे मास्तरांचा हात थांबला. थांबलेल्या चित्राला मधोमध तपकिरी डाग पडला, तो पसरत चंद्राबाईच्या तोंडापर्यंत गेला. मास्तरांनी घाईनं दिवा झाकला. कुणीतरी घोंगडी ओढली. लख्ख ऊन आत आलं.

मामीनं हात काढून घेतला. पदराला पुसला.

"भूमची गाडी किती वाजता हाय?" तिनं विचारलं.

हॉल रिकामा झाला. सुमन तबक तिथंच ठेवून निघून गेली होती. चंद्राबाई उठली, माझ्याजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"बाई, तुमी लई शिकल्या."

चाचा पडद्याची घडी घालत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पच्चीस साल लगे मेरेकू, बेटी, ये साप ढूंढने को."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निरोप पाठवला, आज येत नाही म्हणून. भूमच्या पहिल्या गाडीत खिडकीशी बसले. भूमला गाडी बदलून ईट. मामीच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते ठरलं होतं. वाटभर ते पाठ करत गेले.

"मामी, मी चुकले. मला पाटी नीट वाचता आली नाही. साप होता."