मामा आला!

तापीच्या नावेत पाय ठेवला आणि मला रडू फुटलं. पन्नासचं दशक सरत आलं होतं. लग्न नुकतंच झालेलं, नवरा मुंबईत रंगाच्या कारखान्यात लागलेला. काठावरून आई ओरडली, "रडू नको व माय. आखाजीले मामाले धाडसू तुले लेवाले."

तुम्ही शहाद्याकडच्या असाल तर आखाजी सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीया. निंबाला झोके, घरोघर सांजोऱ्या, आणि सासरची पोर माहेरी येणारच. तिला आणायला भाऊ जातो. माझा भाऊ लहान, म्हणून मामा. मामा या शब्दाचा एवढाच अर्थ मला ठाऊक होता.

नंदुरबारला आगगाडी, सुरतेला बदल, मग परळच्या चाळीतली एक खोली. पगार पुरेना, म्हणून शेजारच्या शेवंताबाईंबरोबर मी दादरच्या बाजारात केळ्यांची पाटी घेऊन बसू लागले. शेवंताबाई साताऱ्याकडच्या. त्यांचं बोलणं मला पुस्तकी वाटे, माझी अहिराणी त्यांना गुजराती.

आखाजी जवळ आली तसे माझे कान सारखे टवकारलेले. एके सकाळी बाजाराच्या टोकाकडून आरोळी आली, "मामा आला! मामा आला रे!"

मी पाटी टाकून धावत सुटले. बाकीच्या बाया पाट्या उचलून उलट्या दिशेनं पळत होत्या, त्याचंही नवल वाटलं नाही. समोर निळी हाफपँट, पिवळी टोपी, हातात दंडुका. मी त्या पोलिसालाच मामाचा ठावठिकाणा विचारला, "मन्हा मामा कथा शे?"

तो गांगरला. "काय म्हणतेस?"

"मामा उना ना? माले लेवाले उना."

मला धावताना पाहून शेवंताबाई माघारी आल्या होत्या. "नवी आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "हिला वाटलं, खराच मामा आला, माहेरी न्यायला." मग माझ्याकडे वळून हळूच, "अगं, इथं पोलिसाला मामा म्हणतात. मामा आला म्हटलं की पाटी उचलायची आणि पळायचं!"

लोक हसू लागले. मी तिथंच मटकन बसले आणि हमसून हमसून रडले. उद्याच्या गाडीनं परत जायचं, असं मनाशी ठरवूनही टाकलं. पोलीस मात्र हसला नाही. त्यानं माझी सांडलेली केळी गोळा करून पाटीत टाकली आणि म्हणाला, "घरी जा, पोरी. आज इथं बसू नकोस." मग पाठ फिरवून तो दुसऱ्या गल्लीत गेला.

मामी आजारी पडली, मामा काही आला नाही. आखाजीला शेवंताबाईंनी चाळीच्या गॅलरीत दोरीचा झोका बांधला. त्यावर बसून मी गौराईची गाणी म्हटली. अर्थ न कळताही चाळीतल्या बाया ताल धरत होत्या. परतीची गाडी राहूनच गेली.

आणि तो पोलीस? त्यानंतर त्याची पाळी असली की वळणावरून तो स्वतःच मोठ्यानं ओरडे, "मामा आला गं!" तो पोचेपर्यंत आम्ही बोळात.

पुढं त्या शब्दाचे आणखी रंग कळले. कुणी फसला की त्याचा 'मामा झाला'. दारूबंदीचे दिवस होते. गल्लीच्या तोंडाशी कुणी नुसतं 'मामा' पुटपुटलं की आतल्या भट्ट्या विझत. वाट विचारायची तर अनोळखी माणूसही मामाच.

साठच्या दशकात माझा धाकटा भाऊ हाताशी आला. आखाजीच्या तोंडावर तो दारात उभा राहिला आणि मी आनंदानं ओरडले, "मामा आला!" माझ्या पाच वर्षांच्या मुलानं पाटी उचलली आणि तो खाटेखाली शिरला.

"मन्ही काय चूक व्हयनी, बहिन?" भाऊ बावरून म्हणाला. हसता हसता मला सांगवेना.

त्यानं आम्हाला गावी नेलं. आठव्या दिवशी मला परळची ओढ लागली आणि मी आईला म्हणाले, "आते घर जासू."

आईनं माझ्याकडे बघितलं. "मंग हाई कोनं घर शे व?"

मग तिनं सांजोऱ्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं.

"दोन घरे शेतस ना तुले," ती म्हणाली. "मंग येती-जाती ऱ्हाय."