एर्सिलियाचा अर्धा फोटो

माझा नवरा एवारिस्तो कुणालाही थांबवून फोटो काढत नाही. "थांबा म्हटलं की माणूस पोट आत घेतो नि खोटा होतो," असं त्याचं म्हणणं. सांता मार्ताच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर तो बावीस वर्षं उभा आहे, कॅमेरा पोटाशी धरून, शीळ घालत. कुणी चालत आलं की खट्! मग हातात नंबराची चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी ती घेऊन आमच्या टपरीवर यायचं. कुणी शिव्या घालतं, कुणी लाजतं, पण येतात बहुतेक सगळे.

फोटो म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा फिल्मचा तुकडा. तो एका टोकाला भिंग असलेल्या बोटभर प्लास्टिकच्या नळीत बसवायचा, नि एक डोळा मिटून उन्हाकडे बघायचं. धुऊन आलेली पट्टी कापायचं काम माझं. त्याला ते सोपं वाटतं. कर म्हणावं स्वतः एक दिवस!

एका सोमवारी जाळी विणणारे हेलिओदोरोकाका दोनशे सतरा नंबरची चिठ्ठी घेऊन आले. नळी डोळ्याला लावून म्हणाले, "पेत्रोना, यात मी एकटाच आहे."

"मग? तुमचाच ना फोटो?"

"माझ्या मागे एर्सिलिया होती गं."

एर्सिलिया म्हणजे काकांची बायको. शुक्रवारी सकाळी हा फोटो निघाला नि दुपारी ती चुलीपाशी कोसळली ती गेलीच. शनिवारी आम्हीच तिला माती देऊन आलो होतो.

"त्या दिवशी तिची अंडी देणारी कोंबडी मी न विचारता बहिणीला देऊन टाकली," काका म्हणाले. "मग ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी पुढे, ती मागे. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. रागातच गेली का गं ती? तेवढं मला बघायचंय."

मी नळी घेऊन बघितलं. काकांच्या खांद्यामागे फक्त एक कोपर, नि तिथेच कात्री फिरलेली. मेली माझीच कात्री! शेजारीण आली होती, गप्पांच्या नादात मी भलतीकडेच कापलं होतं. एर्सिलिया असलेला अर्धा भाग पुढच्या फोटोला चिकटून गेला होता, आणि दोनशे अठरा नंबर तर रविवारीच कुणीतरी घेऊन गेलं होतं. मी ढसाढसा रडले.

एवारिस्तोने मला एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणाला, "रडू नकोस. दोनशे अठरा म्हणजे एक बाई होती, तिचा चेहरा आठवत नाही, पण चाल आठवते. उजवा पाय जरा बाहेर टाकते."

मग नऊ दिवस हा रस्त्यावर नुसते पाय बघत उभा. मी म्हटलं, "बायकांचे पाय न्याहाळतोस म्हणून एखादी चपलेने हाणेल!" दहाव्या दिवशी ओरडतच आला, "सापडली!" सोबत लॉटरीची तिकिटं विकणारी एदिल्सा. नळी तिने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती.

"माझं अर्धं अंग गेलंय यात," ती म्हणाली, "पण शेजारची म्हातारी इतकी झकास आहे, की तक्रार करवलीच नाही."

आम्ही तिघं तडक काकांकडे गेलो. मला आत बघायचा धीर होईना. काकांनी जाळं बाजूला ठेवलं, नळी उन्हाकडे धरली. आणि मग हसायलाच लागले, बसल्या जागी, डोळ्यांतून धारा लागल्या तरी हसतच होते. शेजारीपाजारी बाहेर आले.

त्यांनी नळी माझ्या हातात दिली. आत एर्सिलिया होती. छाती पुढे काढून, कोपर फाकवून, थेट काकांच्या चालीची नक्कल करत, भलीमोठी जीभ काढून त्यांच्या पाठीला वेडावत होती.

"म्हणजे पन्नास वर्षं माझ्या पाठीमागे हे असं चाललं होतं!" काका म्हणाले, आणि नळी माझ्या हातातून ओढून घेऊन पुन्हा डोळ्याला लावली.