बारावी पायरी

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, कांचघर नावाच्या वस्तीत, एका कपड्याच्या दुकानाच्या वर आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. नवा माणूस आला की त्याच्या मशीनवर बिल्ड टूल्स टाकावी लागत, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणारी सगळी अवजारं. आधी कंपायलर, मग लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, त्याही ठरलेल्या क्रमानं. क्रम चुकला की पुसून पहिल्यापासून. दोन दिवस सहज जायचे. मी अकरा पायऱ्या लिहून कागद भिंतीवर लावला होता. बारावी लिहिली नव्हती. कंपायलर कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे मशीनला सांगणारी ती एकच ओळ, मी स्वतः जाऊन टाकायचो. राहून गेली, असं पुढे सांगत आलो. राहून गेली नव्हती. अडलेला माणूस माझ्या टेबलाशी यायचा, तेवढंच माझं महत्त्व. बाकी काम माझं बेताचंच होतं.

मग ती आली. शहरातल्याच रांझी वस्तीतली, वडील फॅक्टरीत. बाकीच्यांना भैया म्हणायची. मी तिच्यासारखाच मराठी, म्हणून मला दादा. सहा महिने बघू, मग पक्की करू, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. तिच्याही मशीनवर बारावी पायरी मीच टाकली, ती चहाला गेली तेव्हा.

तीन महिन्यांत तिनं एक स्क्रिप्ट लिहिली. ती एकदा चालवली की सगळी टूल्स आपोआप बसणार. आधी मलाच दाखवली.

"दादा, तुमचा कागद काढून टाकू आता भिंतीवरून?"

मला बेकार करून राहिली का तू, असं मी म्हटलं. दोघंही हसलो. तिचं हसणं खरं होतं.

स्क्रिप्ट वाचून पाहिली. अकरा पायऱ्या चोख. बारावी नव्हती, तिला ती माहीतच कुठे होती? तिच्या मशीनवर ती ओळ आधीच पडलेली, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत. कोऱ्या मशीनवर बसणार नव्हतं, आणि कोरं मशीन तेव्हा ऑफिसात नव्हतंच. काही राहिलं तर नाही ना, असं तिनं दोनदा विचारलं. मस्त झालंय, म्हणालो. म्हणालो आणि उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. खाली गेलो, वर आलो. नवं मशीन यायचं होतं, तोवर सांगायला अख्खा आठवडा होता.

नवं मशीन आलं. दुपारी साहेबांसमोर तिनं स्क्रिप्ट लावली. शेवटाला येऊन थांबली: कंपायलर सापडत नाही. तिनं पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. मग माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे तर चालते न, दादा. इथं काहून नाही चालून राहिली?"

मी खांदे उडवले.

साहेब तिला हिंदीत म्हणाले, मॅडम, पहले पुराना काम तो सीख लो. मशीन माझ्या हवाली केलं. सहा महिने भरल्यावर तिला पक्कं केलं नाही. कारण म्हणून त्याच दुपारचा दाखला दिला.

ती गेल्यावर महिन्याभरात तिच्या स्क्रिप्टमध्ये मी ती ओळ घातली. नवं मशीन वीस मिनिटांत तयार होऊ लागलं. लोक मला म्हणायचे, सर, तुम्ही कमाल केली. मी ऐकून घ्यायचो. इतकी वर्षं ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात ती स्क्रिप्ट इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करायचं ठरलं. एका फाइलमध्ये लेखकाचं नाव द्यायचं होतं. चार दिवस ती जागा मी रिकामी ठेवली. माझं नाव टाइप करायचो, पुसायचो. शेवटी ओळखीतून तिचा नंबर मिळवला. पनागरच्या एका शाळेत ती कॉम्प्युटर शिकवते. फोनवर सगळं सांगितलं, चहाला गेली होतीस तेव्हा, इथपासून. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. नाव तुझंच टाकतो, म्हटलं.

"टाका नाहीतर नका टाकू," ती म्हणाली. "बाबा रोज विचारायचे, तुझं चुकलं काय? मी वर्षभर शोधून राहिली होती. त्यांना अजूनही वाटते, पोरगी कच्ची होती. रिटायर झालेत. घरीच असतात, रांझीला. त्यांना जाऊन सांगा."

दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी मोटरसायकल काढली. दार त्यांनीच उघडलं. तुमच्या मुलीच्या जुन्या ऑफिसातला, असं सांगितलं. त्यांनी आत बोलावलं, उपरण्यानं खुर्ची पुसून दिली. मला बसवेना. उभ्यानंच बोलायला लागलो.