शालूतल्या बाटल्या

वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत मी पाणी तपासते. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर पेले तोंडाला लावून बसतो. माझ्या सासूबाईंचं तर ठाम मत, की पाणी कळायला जीभ पुरते आणि मला त्याचा पगार देणारे लोक भोळे आहेत. म्हणून त्यांनीच फोन करून "माह्या विहिरीचं पाणी तपासून दे" म्हटलं, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

सासूबाई कारंज्याला राहतात, हायवेच्या अंगाला. अंगणात विहीर, तिच्यावर मोटार. घरोघरी नळ असले तरी संध्याकाळी गल्लीतल्या बाया पाणी भरायचे पितळी गुंड घेऊन इथेच यायच्या, कारण या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते. कोणाची सून कशी, हेही इथेच शिजायचं. मग पलीकडे ट्रक धुवायचं सेंटर निघालं आणि समोरच्या काकूंनी एक दिवस पेला नाकाशी धरून सांगितलं, "पेट्रोलचा वास येऊन राह्यला." झालं, गल्लीत थंड पाण्याच्या कॅन सुरू झाल्या. सासूबाई तरी कोणी येईल म्हणून रोज गुंड भरून ओट्यावर ठेवायच्या आणि अंधार पडला की कढीपत्त्याला ओतून द्यायच्या. कढीपत्ता माजला, सासूबाई गप्प झाल्या. मला टोमणे मारायचंही त्यांनी सोडलं, तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं.

पेट्रोल, थिनर, असल्या वस्तूंतले उडून जाणारे पदार्थ पाण्यात शोधायचे तर नखरे फार. करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या, त्या काठोकाठ भरायच्या, आत हवेचा बुडबुडा राहिला की ते पदार्थ त्यात निसटतात. शिवाय प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याने भरलेली एक बाटली सोबत न्यायची आणि न उघडता परत आणायची. वाटेत झाकणाच्या रबरातून बाहेरचं काही शिरलं तर ती बाटली चुगली करते.

शनिवारी संध्याकाळी मी बाटल्यांचा डबा घेऊन पोचले. रविवारी सकाळी मोटारीचा नळ बारीक सोडून पाणी भरायला बसले. बाटली भरायची, झाकण लावायचं, उलटी करून टिचकी मारायची, बुडबुडा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"इतक्या वेळात मी पंगतीले पाणी वाढलं असतं," त्या म्हणाल्या. टोमणा ऐकून मला बरं वाटलं.

प्रयोगशाळेत यंत्राने पेट्रोलमधलं काहीएक दाखवलं नाही. मी खूश होणार, तेवढ्यात आलेखाच्या कागदावर भलत्याच ठिकाणी एक उंच टोक उभं राहिलं. आमच्या साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. कपड्यांत किडे लागू नयेत म्हणून ठेवतात, ती डांबरगोळी. विहिरीत डांबरगोळ्या टाकणारा माणूस मी तरी ऐकला नव्हता. मग न उघडलेल्या बाटलीतलं पाणी लावलं, तर त्यातही तेच टोक.

"मॅडम, हे विहिरीतलं नाही," साहेब म्हणाले. "बाटल्या ठेवल्या कुठे होत्या?"

मी सासूबाईंना फोन लावला. "आई, शनिवारी तुम्ही डब्याला हात लावला होता?"

"लावला नं. तू जेवाले बसली तवा बाटल्या काढून कपाटात ठेवल्या. माह्या लग्नाच्या शालूत गुंडाळून. सकाळी तू उठाच्या आधी डब्यात परत ठेवल्या," त्या अभिमानाने म्हणाल्या. "काचेचा माल, फुटला असता मंग?"

"आणि शालूत डांबरगोळ्या?"

"मूठभर आहेत. काऊन?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बाईने गेली कित्येक वर्षं तो शालू मला हातात धरू दिला नाही, आणि माझ्या बाटल्यांना पांघरायला दिला. मी रागावणार तरी कशी? पण नमुना बाद झाला होता, आणि पुढच्या रविवारपर्यंत रोजचा गुंड कढीपत्त्यालाच जाणार होता.

दुसऱ्या खेपेला मी डब्यावर हात ठेवूनच बसले, अगदी जेवतानाही. त्यांना सांगितलं, अगरबत्ती नको, फिनाईल नको, गुडघ्याचा बाम नको. त्यांनी सगळं ऐकलं, वर केसांना तेलही लावलं नाही. बाम नसल्याने दिवसभर विव्हळत फिरल्या आणि दर विव्हळण्यानंतर माझ्याकडे बघत राहिल्या.

या वेळी कागदावर काहीच उभं राहिलं नाही. ना पेट्रोल, ना डांबरगोळी.

सासूबाईंनी गल्लीला बोलावणं धाडलं. मी पोचले तेव्हा ओट्यावर पेले मांडलेले आणि त्या स्वतः चक्क शालू नेसून उभ्या. बाया आल्या, पण भिंतीला टेकून राहिल्या. समोरच्या काकूंनी आधी प्यायल्याशिवाय कोणी हात लावणार नव्हतं. सासूबाईंनी पेला भरून त्यांच्यासमोर धरला. काकूंनी तो नाकाशी नेला.

"वास तं येते," त्या म्हणाल्या.

सासूबाईंचा चेहरा उतरला.

काकूंनी पुन्हा हुंगलं. मग पेला दूर धरून त्या सासूबाईंच्या पदराकडे वाकल्या. "डांबरगोळीचा. पाण्याले नाई व, तुह्या लुगड्याले."

काकूंनी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. "अजून दे. कॅनच्या पाण्यात वरण शिजत नाई माय."

सासूबाईंनी पेला काठोकाठ भरला आणि वर आणखी ओतत राहिल्या. अर्धं पाणी शालूवर सांडलं. मी पुसायला धावले, तर म्हणाल्या, "राहू दे. आपल्याच विहिरीचं आहे."